डिजिटल चित्र मीच काढलंय हे सिद्ध कसं करायचं? (माटोळीचं चित्र 'एआय' म्हणून बाद)

गेरूची_पेटी (फोंडा)
नमस्कार मंडळी. चवथीनिमित्त एका ठिकाणी डिजिटल चित्रस्पर्धा होती, नाव घेत नाही, त्याच लोकांची तोंडं उद्या बाजारात बघायची आहेत. मी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं बांधून टांगतात त्या चौकटीचं, चित्र पाठवलं. गणपतीसमोर पाटावर बसलेल्या पोराने मान वर केली की जे दिसतं तो अँगल, म्हणजे लाकडी चौकट, सुतळीने बांधलेली सुपारीची शिपटी, नारळ, कांगलां, घागऱ्यो, कवंडळं, सगळं खालून दिसणारं. निकालाच्या आधी फोन आला की आम्ही तुमचं चित्र एका वेबसाइटवर टाकून बघितलं, ती म्हणते ऐंशी टक्क्यांच्या वर एआय आहे, म्हणून बाद. मी म्हटलं अहो फाइल दाखवते, या घरी बघायला, तर म्हणे आता यादी फायनल झाली.

बक्षिसाचं काही नाही हो, ढाल ठेवायला घरात जागाही नाही. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं 'हल्ली सगळेच एआयवर काढतात' आणि त्याच्याखाली ओळखीच्या लोकांचे अंगठे. एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे आहे, त्या संपादकांनीही परवा हळूच विचारलं, हाताचंच ना? तर विचारायचं हे की अशा वेळी दाखवायचं काय? नुसतं 'मी काढलंय हो' म्हणून कोण ऐकतो.

साळावलीचा_बेडूक
ऐंशी टक्के एआय म्हणजे वीस टक्के तू काढलंस असं का गे? कुठले वीस, नारळ की सुतळी?

कॅनव्हास_केपे
बेडका, गप. ताई, कुठल्या ॲपमध्ये काढलंय ते आधी सांगा, सगळं त्यावर अवलंबून आहे.

गेरूची_पेटी
प्रोक्रिएट, आयपॅडवर.

कॅनव्हास_केपे
मग तुमच्या हातात बरंच काही आहे. प्रोक्रिएट टाइमलॅप्स, म्हणजे चित्र काढतानाचा वेगात पळणारा व्हिडिओ, आपोआप रेकॉर्ड करतं, तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं नसेल तर फाइल उघडा, पान्याचं चिन्ह, व्हिडिओ, टाइमलॅप्स रिप्ले. पूर्ण लांबीचा एक्स्पोर्ट करा, तीस सेकंदांवाला इन्स्टाला ठीक आहे पण परीक्षकाला त्यात काही कळणार नाही. त्याच मेनूत कॅनव्हास इन्फर्मेशनमध्ये जाऊन स्टॅटिस्टिक्स बघा, एकूण किती स्ट्रोक मारले आणि किती वेळ काम केलं ते दोन्ही लिहिलेलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आणि मूळ फाइल लेयर्ससकट (चित्राचे एकावर एक थर) ठेवा, चुकूनसुद्धा फ्लॅटन करू नका, म्हणजे सगळे थर एकात मिसळू नका.

बाकीच्यांसाठी पण सांगतो. फोनवर आयबिसपेंट वापरणारी पोरं खूप आहेत, त्यातही चित्र काढतानाचा व्हिडिओ आपोआप बनतो. क्लिप स्टुडिओमध्ये मात्र टाइमलॅप्स आपण चालू करावा लागतो, नवीन फाइल घेतानाच तो खूण करायचा चौकोन असतो, तिथे लोक हमखास विसरतात. क्रिटा फुकट आहे, 5.0 पासून त्यात रेकॉर्डरचं पॅनेल आलंय, तेही आपणच चालू करायचं. चित्र झाल्यावर आठवून उपयोग शून्य.

मंडळवाला_बाबुश
मी पण दरवर्षी स्पर्धा घेतो (ताईंची ती नव्हे, आधीच सांगतो, शिव्या देऊ नका). आयोजकाची बाजू पण ऐका. आमच्याकडे गेल्या वर्षी एकाने नरकासुराचं पोस्टर पाठवलं, हाताला सहा बोटं, आणि दातांच्या जागी आणखी दात. ते बक्षिसाच्या यादीत गेलं आणि मग फेसबुकवर आमची जी काय आरती झाली. परीक्षक कोण, तर शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर आणि बँकेतले एक साहेब. त्यांना टाइमलॅप्स काय नि लेयर काय. वेबसाइटवर टाकलं की आकडा येतो, आकडा दाखवला की कुणी भांडत नाही, म्हणून लोक वापरतात. चूक असेल पण कारण हे आहे.

आणि आम्हीच असे अडाणी असंही नाही. 2022 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या जत्रेतल्या स्पर्धेत मिडजर्नी या एआय प्रोग्रामवर केलेल्या चित्राला डिजिटल विभागात पहिलं बक्षीस गेलं होतं. 2023 मध्ये सोनीच्या जागतिक फोटो स्पर्धेत बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलाकाराने जिंकल्यावर स्वतःच सांगितलं की हा फोटोच नाही, एआय आहे, आणि बक्षीस नाकारलं. एवढ्या मोठ्या लोकांना कळलं नाही तर आमच्या मास्तरांना काय कळणार.

पर्वरी_बायनरी
बाबुश, कारण समजलं, पण तो आकडा कसा फसवतो ते बघ. समजा तुझ्याकडे 200 चित्रं आली, त्यात 20 एआयची, 180 हाताची. वेबसाइट समजा दोन्ही बाजूंनी 90 टक्के बरोबर आहे, जे मी उदारपणे धरतोय. तर 20 पैकी 18 चोर पकडले, शाब्बास. पण 180 पैकी दहा टक्के म्हणजे 18 जणांनाही तिने एआय ठरवलं. तुझ्या टेबलावर 36 चित्रं बाजूला पडली त्यातली निम्मी निर्दोष. म्हणजे फोन करून 'तुम्ही बाद' सांगताना तू नाणं उडवतोयस.

त्यात ते चित्र व्हॉट्सॲपवरून आलेलं, दाबून लहान झालेलं, कडा पुसट झालेल्या. सॉफ्ट ब्रशने गुळगुळीत शेडिंग करणाऱ्यांवर तर ही यंत्रं खारच खातात. लिखाणाच्या बाबतीत ओपनएआयने स्वतःचा ओळखणारा प्रोग्राम काढला आणि 2023 च्या जुलैत बंद केला, कारण अचूकता कमी. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्यांनाच ओळखता येईना तर कुठल्यातरी जाहिरातींनी भरलेल्या फुकट साइटला येणार?

साळावलीचा_बेडूक
माझ्या बारशाचा फोटो टाकला त्या साइटवर. 64 टक्के एआय. आईला विचारायला हवं.

मंडळवाला_बाबुश
😂 बरं मग टाइमलॅप्स मागितला की प्रश्न मिटला ना?

पर्वरी_बायनरी
नाही मिटला. प्रोक्रिएटमध्ये 'प्रायव्हेट फोटो' म्हणून चित्र आत घेता येतं, ती लेयर टाइमलॅप्समध्ये दिसतच नाही. सोय चांगल्या हेतूने आहे, क्लायंटचा फोटो संदर्भाला घेतला तर तो जगाला दिसू नये म्हणून, पण एआयचं चित्र खाली ठेवून वरून गिरवलं तर व्हिडिओत अगदी शुद्ध हाताचं काम दिसेल. आणि 2024 च्या जुलैत पेंट्स-अन्डू नावाचं एक मॉडेल आलं, त्याला तयार चित्र द्यायचं, ते उलटं मागे जाऊन 'हे असं काढलं असेल' म्हणून स्केचपासूनच्या पायऱ्या बनवून देतं. म्हणजे प्रक्रियाच खोटी तयार.

मेटाडेटाचंही, म्हणजे फाइलच्या आत दडलेल्या माहितीचंही, तसंच. स्टेबल डिफ्युजन हे चित्रं बनवणारं एआय चालवायचे जे प्रोग्राम लोक घरी वापरतात त्यातले काही पीएनजी फाइलच्या आतच आख्खा प्रॉम्प्ट (एआयला दिलेली सूचना) लिहून ठेवतात, आळशी लोक त्यात सापडतात. पण स्क्रीनशॉट मारला की ते गेलं. उलट बाजूने अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी 2021 मध्ये सी-टू-पी-ए म्हणून गट काढला आणि त्याच नावाचं मानक आणलं, त्यात फाइलला सहीशिक्क्यासकट इतिहास चिकटतो, कुठल्या ॲपमध्ये बनली, एआय वापरला का. कल्पना उत्तम, पण फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की तोही झडतो. (डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तशीच्या तशी जाते. एवढं तरी करा.) आणि शिक्का नसला म्हणून चित्र खोटं असं होत नाही, आपल्याकडच्या शंभरातल्या नव्व्याण्णव चित्रकारांनी हे नावही ऐकलेलं नसेल.

जुना_ब्रश
मी तो निवृत्त ड्रॉइंग मास्तरच आहे, बाबुशच्या मंडळाचा नव्हे, पण त्याच जातीचा. लेयर मला कळतात रे बाबा, नातीने शिकवलंय.

आमच्या वेळी हा प्रश्न नव्हता असं नाही. लाइटबॉक्सवर फोटो ठेवून गिरवणारे होते, प्रोजेक्टर लावणारे होते. पण मूळ कागद हातात यायचा. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ छापायला मूळ चित्र पाठवावं लागायचं, आपल्या मडगावचे दीनानाथ दलाल ज्या काळात मुखपृष्ठं करत होते त्या काळात सगळा व्यवहारच कागदाचा. कागद तिरका धरला की खोडलेल्या पेन्सिलीचे व्रण दिसतात, पांढऱ्या पोस्टर कलरने कुठे डागडुजी केली ते दिसतं, कडेला ब्रश पुसलेला असतो. बांगडा घेताना कल्ला उघडून बघतो तसा मी कागद आधी उलटा करून बघायचो. डिजिटलमध्ये मागची बाजू नाही, म्हणून ती चित्रकाराने जपून ठेवायची. फाइल हीच मागची बाजू.

पण माझं मत विचाराल तर फाइल बघून झाली की माणूस बघा. समोर बसवा, विचारा ही सावली इथे का, हा कोपरा रिकामा का सोडला, आधी काय काढलं. ज्याने काढलं तो बोलायला लागला की थांबत नाही. आणि अर्धा तास देऊन त्याच चित्रातली एक वस्तू परत काढायला सांगा, सारखी यायला नको, हात तोच आहे का एवढंच कळतं. आर्ट कॉलेजच्या प्रवेशाला समोर बसवून काढून घेतात ते उगाच नाही.

गेरूची_पेटी
सर, तुम्ही म्हणता तसं फाइल आज परत उघडून बघितली. टाइमलॅप्स आहे! बघताना मलाच हसू आलं. सुरुवातीला चौकट इतकी वाकडी की माटोळी पडणार वाटतं. नंतर नारळ काढले, सगळे एकाच मापाचे, मग पुसले. कवंडळाचं देठ मी भलतीकडे काढलं होतं, मावशी खांद्यावरून बघत होती, म्हणाली अगो तें तशें लोंबना, मग आख्खी वेल परत. ते सगळं व्हिडिओत आहे, मावशी सोडून. लेयरची नावं तर वाचू नका, 'नारळ', 'नारळ नवा', 'नारळ खरा', 'नारळ देवा पाव'. शिपट्यांचा हिरवा मला दोन दिवस जमत नव्हता, तिथे नुसते रंगाचे ठिपके ठिपके टाकून ठेवलेत कोपऱ्यात आणि ते शेवटपर्यंत काढायचे राहिलेत, लपवलेल्या लेयरवर आहेत.

आणि प्रायव्हेट फोटोचं म्हणाल तर संदर्भाला आमच्याच घरच्या माटोळीचे फोटो आहेत, तारखेसकट फोनमध्ये.

पर्वरी_बायनरी
'नारळ देवा पाव' हा पुरावा मी कुठल्याही कोर्टात मान्य करेन. मजा बाजूला, पण हेच ते. मी वर जी खोटी प्रक्रिया म्हटली ती नीट शिस्तीत चालते, रेषा, मग रंग, मग सावली. पुसून परत काढणं, अर्धवट सोडलेली लेयर, मधेच कॅनव्हास मोठा करणं, ह्या गोष्टी बनवायला बसलं तर चित्र काढण्यापेक्षा जास्त मेहनत आहे. कुठलाही एक पुरावा एकटा पुरत नाही, व्हिडिओ खोटा होऊ शकतो, लेयर खोट्या होऊ शकतात, पण व्हिडिओ, लेयर, संदर्भाचे फोटो, मधल्या टप्प्याचे स्क्रीनशॉट आणि बोलणारा माणूस हे सगळं एकमेकांशी जुळवून खोटं करणं एका ढालीसाठी कोण करेल.

कोंकणकन्या_एक्सप्रेस
पण माटोळी आहे म्हणजेच माणसाने काढली ना? एआयला कांगलां माहीतच नाहीत. मी करून बघितलं, झेंडूचं तोरण आणि वर द्राक्षं लटकवली त्याने. द्राक्षं!!

कॅनव्हास_केपे
द्राक्षं 😭 पण हा पुरावा म्हणून धरू नका, आज माहीत नाही म्हणून उद्या नसेल असं नाही, आणि आपल्या माटोळीचा चांगला फोटो सोबत दिला तर आजही बऱ्यापैकी काढतं. शिवाय उलटं पण होतं ना, एखाद्या पोराने चुकीची माटोळी काढली, द्राक्षंच काढली, तर तो एआय? आमच्या शेजारच्या दिल्लीच्या मुलीने काढली तर?

अंजुणा_अपडेट
एवढा राडा कशाला. चित्र चांगलं आहे ना मग कुणी काढलं काय फरक पडतो. कॅफेवाले आपल्या गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या स्टाइलमध्ये भिंती एआयवर करून घेतात, गिऱ्हाईक खूश, मालक खूश.

जुना_ब्रश
गिऱ्हाईक खूश असेल, लोटलीला ज्या मारियोने गावातल्या एकेका माणसाचं नाक बघून बघून वही भरली त्याचं काय. भिंतीवर काय ते करा, स्पर्धा मात्र 'कोणी काढलं' याचीच असते, नाहीतर बक्षीस वीजखात्याला द्या.

वकीलबाब_म्हापसा
कायद्याचं थोडं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 2(ड)(vi) आहे, संगणकाने तयार झालेल्या कृतीचा लेखक कोण, तर ती तयार करवून घेणारी व्यक्ती. हे एआयच्या खूप आधीचं आहे, त्यामुळे आजच्या मॉडेलला कसं लावायचं यावर वाद आहेत. 2020 मध्ये कॉपीराइट ऑफिसने 'सूर्यास्त' नावाच्या चित्राला राघव या एआय ॲपचं नाव सहलेखक म्हणून नोंदवून दिलं आणि पुढच्याच वर्षी ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली, यावरून गोंधळ समजा. अमेरिकेत भूमिका स्पष्ट आहे, माणूस लेखक हवा, बाबुशने सांगितलेल्या कोलोरॅडोच्या त्या चित्राची नोंदणी 2023 मध्ये तिथल्या ऑफिसने नाकारली.

लोक मला विचारतात नोंदणी करून घेऊ का. साध्या कलाकृतीला फी 500 रुपये आहे, करा, तारीख मिळते आणि नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. पण ऑफिसात बसून कुणी तुमचे ब्रशचे फटके मोजत नाही, त्यामुळे 'हाताने काढलं' याचा तो दाखला नव्हे.

प्रकरण खरंच वर गेलं तर 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा समजा, आत एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून माझा सल्ला, चित्र पाठवायच्या आदल्या दिवशी मूळ फाइल स्वतःलाच मेल करा किंवा ड्राइव्हवर टाका आणि मग तिला हात लावू नका, पुढचे बदल कॉपीवर. ग्रुपवरच्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, पण नोटीस-बिटीस काढायच्या भानगडीत पडू नका, फोंडा लहान आहे.

कॅनव्हास_केपे
वकीलबाब, शेवटचं वाक्य सोन्याचं.

नुसती फाइल असून पण भागत नाही हे मात्र लक्षात ठेवा. 2022 च्या शेवटी बेन मोरान नावाने काम करणाऱ्या व्हिएतनामी चित्रकाराला रेडिटच्या कलेच्या मोठ्या ग्रुपमधून एआयचं म्हणून काढून टाकलं. त्याने लेयर्सची फाइल दाखवायची तयारी दाखवली, तर तिथल्या मॉडरेटरचं उत्तर साधारण असं की तू काढलं असशील तरी ते एआयसारखंच दिसतं, दुसरी शैली शोध. म्हणजे पुरावा बघायचाच नाही म्हटल्यावर काय करणार. आणि 2024 मध्ये उलट गंमत, मायल्स ॲस्ट्रे या फोटोग्राफरने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो मुद्दाम एआय विभागात पाठवला, बक्षीस मिळवलं, मग सांगितलं की हा खरा आहे, आणि खरा आहे म्हणून बाद झाला.

साळावलीचा_बेडूक
म्हणजे ताई पुढच्या वर्षी माटोळी एआय विभागात पाठव. ढाल नक्की.

मंडळवाला_बाबुश
बरं, आता मला कामाचं बोला. नरकासुर पोस्टर स्पर्धेचा फॉर्म छापायचाय. सगळ्यांकडून व्हिडिओ मागितला तर अर्धी पोरं भाग घेणार नाहीत, माउसने काढणारे आहेत, जुने लॅपटॉप आहेत. नियम काय लिहू?

गेरूची_पेटी
बाबुशदादा, सगळ्यांकडून मागूच नका. फॉर्मवर आधीच लिहा की मूळ फाइल जपून ठेवा, निवडलेल्या पहिल्या दहा जणांकडे मागू. फोटो स्पर्धांमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) मागतात तसंच, त्यात कुणाला अपमान वाटत नाही कारण आधीपासून माहीत असतं. माझा राग त्याचाच आहे, नियमात काही नव्हतं, विचारलं पण नाही, थेट निकालच लावला.

पर्वरी_बायनरी
आणि एआय म्हणजे नक्की काय चालत नाही ते लिही. फोटोशॉपमधलं जनरेटिव्ह फिल (एआयने रिकामी जागा भरायची सोय) वापरून मागचं आकाश भरलं तर? नुसता विजेचा खांब पुसला तर? माझं मत, आकृती किंवा पार्श्वभूमी प्रॉम्प्ट देऊन बनवली तर नाही, डाग पुसणं चालेल. तुझं वेगळं असेल तर वेगळं लिही, पण लिही. आणि ती वेबसाइट अजिबात वापरायची नाही असंही एक वाक्य टाक, म्हणजे ऐनवेळी कमिटीतला कुणी फोन काढून बसणार नाही.

जुना_ब्रश
शाळकरी गटाला फाइल-बिइल नको रे. त्यांना बक्षीस समारंभाच्या आधी तासभर बोलवा, कागद द्या, नरकासुराचं नुसतं तोंड काढा म्हणावं. मजा पण येईल.

मंडळवाला_बाबुश
हे आवडलं. दहा जणांना बोलवून फाइल समोर उघडायची, पाच-दहा मिनिटं प्रश्न विचारायचे. शंका आली तर त्या माणसाला एकट्याला सांगायचं, ग्रुपवर नाही. उद्या कमिटीपुढे ठेवतो, खजिनदार कुरकुर करेल.

साळावलीचा_बेडूक
फाइल उघडायला आयपॅड कुणाचा? बँकेतल्या साहेबांचा?

मंडळवाला_बाबुश
ज्याची फाइल त्याने आपलंच यंत्र आणायचं. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे तो काय पाठीवर घेऊन येणार नाही, त्याच्यासाठी माझा भाचा लॅपटॉपवर क्रिटा घालून आणतो, फोटोशॉपच्या फाइली पण बऱ्याचशा उघडतात त्यात. भाच्याला फक्त मिरची भजी लागतात, ती खजिनदार मंजूर करेल.